चिलकलगुंटचा मयत इसम

१

कुटुंबरावांनी माणूस मारला, असं कागद म्हणत होता आणि कुटुंबरावही तेच म्हणत होते. विश्वास बसत नव्हता तो फक्त माझा, आणि तोही त्यांच्या गाडीमुळे.

तेनालीत त्यांच्या दारासमोर ती पांढरी गाडी उभी होती. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर नखभर रंग उडाला होता आणि शेजारी वाटीच्या बुडाएवढा पोचा होता. एवढ्या धक्क्यानं माणूस मरायला लागला तर आमच्या बाजारातून रोज दहा तिरड्या उठतील! बावीस वर्षं मी विमा कंपन्यांसाठी अपघातांच्या चौकशा करतेय. खोटे दावे मला लांबूनच कळतात. पण ज्याच्यावर आळ आलाय तोच मान खाली घालून "होय, मीच" म्हणतोय, हे मी पहिल्यांदा बघत होते.

"पोस्टमास्तरगारू, नीट सांगा. काय झालं चार डिसेंबरला?"

कुटुंबराव सदुसष्ट वर्षांचे, पोस्टातून निवृत्त. खुर्चीत बसले होते, पण दाढी वाढलेली आणि सदरा दोन माणसांचा वाटावा इतका ढगळ झालेला.

"रेल्वे फाटक बंद होतं. पुढं एक मोपेड उभी होती. फाटक उघडलं, माझा पाय क्लचवरून सुटला आणि गाडीचा धक्का लागला. मोपेड आडवी झाली. चालवणारा काळ्या कपड्यांतला होता, गळ्यात अय्यप्पाची माळ. मागं त्याचा म्हातारा बाप. मी धावलो. म्हातारा हसला, धोतर झटकलं, म्हणाला, 'काही नाही झालं बाबू.' मी त्याला सोडा पाजला. मुलगाही चांगला. म्हणाला, 'स्वामी, रागवायचं नाही मला. अठरावं वर्ष आहे माझं.'"

"मग?"

"मग काय! बारा दिवसांनी म्हातारा गेला. डोक्याला आतून मार होता म्हणे. मी त्याला सोडा पाजून घरी पाठवला, राज्यलक्ष्मीगारू. दवाखान्यात न्यायला हवं होतं."

त्यांची बायको सुभद्रम्मा दारात उभी होती. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "महिना झाला, घास उतरत नाही यांच्या गळ्याखाली. येत्या शुक्रवारी त्याच्या मुलानं लावलेल्या भरपाईच्या दाव्याची तारीख आहे. तिथं न्यायाधीशापुढे सगळं कबूल करणार म्हणतात. वकिलानं सांगितलं, तसं बोललात तर फौजदारी खटल्यात तुरुंग ठरलेला. तर म्हणतात, तुरुंगातच बरी झोप लागेल."

"लागेल की," कुटुंबराव म्हणाले.

शुक्रवारला तीन दिवस होते.

२

पोलिसांत दिलेली फिर्याद मी त्यांच्याच ओट्यावर बसून वाचली. फिर्यादी येडुकोंडलू, मयताचा मुलगा. मयत अंकय्या, वय सत्तर, राहणार चिलकलगुंट, भाताच्या गिरणीत मजूर. 'गाडीचालकाने भरधाव येऊन ठोकर दिली व न थांबता पळून गेला.' मृत्यू सोळा डिसेंबर. फिर्याद मात्र पाच जानेवारीची. घरात दुःख होतं म्हणून उशीर झाला, असं कारण. मृत्यूची नोंदही पाच जानेवारीलाच केलेली, म्हणजे एकवीस दिवसांची मुदत संपायला एक दिवस बाकी असताना.

खाली आरोपीचा पत्ता होता. गणपतीच्या देवळामागे, दुसरी गल्ली, पिनकोडसकट!

"पोस्टमास्तरगारू, तुमची गाडी कुठल्या पत्त्यावर नोंदलीय?"

"बापटलाच्या. तिथं नोकरीत असताना घेतली."

"मग पळून गेलेल्या माणसाचा इथला पत्ता यांना कुणी दिला?"

"मीच दिला. कागदावर लिहून म्हाताऱ्याच्या हातात ठेवला. काही लागलं तर या म्हटलं."

"म्हणजे तुम्ही पळालात हे खोटं!"

"खोटं असेल. पण माणूस तर मेलाय ना?"

माझं डोकंच फिरलं. काही माणसं इतकी सज्जन असतात, की त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. जो एक गोष्ट खोटी लिहितो, तो बहुतेक दुसरी लपवण्यासाठी लिहितो. ती दुसरी कुठली ते मला शोधायचं होतं.

विमा कंपनीच्या साहेबाला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, मृत्यूचा दाखला आहे, दवाखान्याचे कागद आहेत. चालक स्वतःच कबूल करतोय. कशाला उकरताय? देऊन टाकू."

"तुमचं काय जातंय द्यायला? तुरुंगात तुम्ही थोडेच जाताय!" म्हटलं आणि फोन ठेवला.

३

चिलकलगुंट तेनालीपासून अकरा किलोमीटर. सकाळी दहाला मी स्कूटरवरून पोचले. गावाच्या तोंडाशीच गिरणी, आणि गावातल्या प्रत्येक घराच्या छपरावर तिथलं उडालेलं तूस.

चहाच्या टपरीवर आठ-दहा माणसं बोलत बसली होती. मी 'अंकय्या' म्हटलं आणि बोलणं तिथंच थांबलं. एकेक जण पेला ठेवून उठला. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. चहावाली तेवढी राहिली.

"अहो, घर तरी दाखवाल का?"

"गुरुस्वामींचं? तो निळा दरवाजा." एवढं बोलून तिनंही तोंड फिरवलं.

निळ्या दरवाजाआड मयताची बायको नांचारम्मा सूप घेऊन बसली होती. बाई थकलेली, पण डोळे कोरडे. मी विमावाली म्हटल्यावर तिनं पाणी दिलं. आम्ही जरा वेळ तांदळाबद्दल, गुडघ्यांबद्दल बोललो. मी विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना?"

"कळलंच नाही मला, अम्मा. आणलं तेव्हा सगळं संपलेलं. आंघोळ मीच घातली. केसांत इतकं तूस अडकलेलं, धुता धुता..."

"अम्मा!"

दारात तिचा मुलगा उभा होता. येडुकोंडलू, चाळिशीचा, उंच, अनवाणी. आवाज चढलेला, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी.

"आईचं डोकं ठिकाणावर नाही. जे विचारायचं ते आमच्या वकिलाला विचारा. तारखेला काय ते बोलू."

"एकच सांगा. बारा दिवस दवाखान्यात होते ना ते?"

"कागदात आहे ते सगळं खरं आहे."

"मी कागदाचं विचारलंच नाही, बाबू."

त्यानं आईच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि दार लावलं.

बारा दिवस खाटेवर पडलेल्या माणसाच्या केसांत तूस कुठून आलं? हाच विचार करत मी स्कूटरपाशी आले. दोन्ही चाकांतली हवा सोडलेली होती. सीटवर मूठभर तूस, अगदी हातानं नीट रचून ठेवलेलं.

४

"चाकांचं काय एवढं? आत्ता भरून देतो आमचा माणूस. तुम्ही कॉफी घ्या."

गिरणीचे मालक वेंकटाद्रीगारू स्वतः मला बोलवायला आले होते. पांढरीशुभ्र पँट, पांढरा शर्ट, कपाळावर बारीक कुंकू. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढं वाकावं लागावं. कचेरीच्या काचेतून आतलं गोदाम दिसत होतं. भाताच्या पोत्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या, आणि त्यांच्या पायाशी माणसं मुंग्यांसारखी.

"अंकय्या तीस वर्षं होता माझ्याकडे," ते म्हणाले. "घरचा माणूस. म्हणून मी वकील लावून दिला. दवाखान्यातले डॉक्टर माझे मेहुणे, त्यांनी एक पैसा घेतला नाही. गरिबाचं कोण असतं, सांगा?"

"खरंय. शेवटचं कामावर कधी आला होता तो?"

"चार तारखेलाच. अपघाताच्या दिवशी. त्यानंतर कसा येणार?"

"हजेरीचं पुस्तक बघू का?"

ते हसले. "वाळवीनं खाल्लं. पावसाळ्यात फार त्रास होतो हो वाळवीचा." आता फेब्रुवारी चालू होता. त्यांनी निवांतपणे कॉफीचा घोट घेतला.

"राज्यलक्ष्मीगारू, तुमचे यजमान पोलिसांत होते ना? देवमाणूस. तुम्ही एकट्याच राहता, कालव्याच्या बाजूला, पिवळं घर. जपून असा. आमच्या या रस्त्यावर ट्रॅक्टर फार. चालवणाऱ्यांना लहान गाड्या दिसतच नाहीत."

मी भित्री नाही. पण त्या रस्त्यावरून परत येताना मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की माझे हात आपोआप ब्रेकवर जात होते. स्वतःचाच राग आला मला.

५

काय घडलं असावं ते मला दिसत होतं. म्हातारा दवाखान्यात नाही, गिरणीत मेला. पण ते दाखवायचं कसं? हजेरी वाळवीनं खाल्लेली, डॉक्टर मेहुणा. अख्खं गाव गिरणीच्या मजुरीवर जगतं, ते मूग गिळून बसणार. नांचारम्माचं तुसाचं बोलणं कोर्टात तिच्याकडून वदवून घेणार कोण? आणि इकडे कुटुंबराव शुक्रवारी स्वतःच्या गळ्यात फास अडकवायला तयार!

गुरुवारी दुपारी दाव्याचा अर्ज पुन्हा वाचायला घेतला. त्यात वकिलानं मोठ्या हुशारीनं एक वाक्य घातलं होतं: 'अपघातसमयी अर्जदार अय्यप्पाच्या दीक्षेत असल्याने मद्यप्राशनाचा प्रश्नच उद्भवत नाही.' दीक्षेच्या एकेचाळीस दिवसांत दारूला कुणी शिवत नाही, तेव्हा तसा आळ येऊ नये म्हणून.

ते वाचताना मला माझ्या नवऱ्याची आठवण झाली. अय्यप्पाची माळ घालण्याचं तिसरं वर्ष होतं त्यांचं. सतराव्या दिवशी सासूबाई गेल्या. जथ्याचे गुरुस्वामी घरी आले आणि त्यांनी माळ उतरवली. घरात मृत्यू झाला की दीक्षा मोडते, आणि आई-बाप गेले तर वर्षभर शबरीमलेचा डोंगर चढता येत नाही. दारुड्याला न घाबरणारा, चोराला न घाबरणारा माझा पोलीसवाला त्या दिवशी मागच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला होता.

मी अर्ज खाली ठेवला. चहावाली काय म्हणाली होती? 'गुरुस्वामींचं घर?'

चार डिसेंबरला हा माणूस कुटुंबरावांना म्हणाला, अठरावं वर्ष आहे. म्हणजे तेव्हा सतरा झालेली. आमच्याकडे अठरा वेळा डोंगर चढून, अठराव्या वेळी नारळाचं रोप वर नेऊन लावल्याशिवाय कुणी कुणाला गुरुस्वामी म्हणत नाही. आणि आता अख्खं गाव त्याला गुरुस्वामी म्हणतंय!

म्हणजे तो डोंगरावर गेला. बाप दवाखान्यात होता म्हणतात त्या बारा दिवसांत तर नाहीच. सोळा डिसेंबरला ज्याचा बाप मेला म्हणतात, तो त्यानंतर इरुमुडीचं गाठोडं डोक्यावर घेऊन शबरीमलेला गेला आणि रोप लावून आला.

मी तशीच उठले आणि कंपनीच्या वकिलाकडे गेले. पोरगेलासा वकील, नवीनच. त्याच्यापुढे चार प्रश्न लिहिलेला कागद ठेवला.

"एवढंच विचारा. याच क्रमानं. मध्ये एक शब्द आपल्या पदरचा घालू नका."

"पण मॅडम, तो नाही म्हणाला तर? गेलोच नाही म्हणाला तर?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्याकडे तिकीट नव्हतं, फोटो नव्हता. सगळं त्या एका माणसाच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि ते तोंड वेंकटाद्रींच्या मुठीत होतं.

६

शुक्रवारी कोर्टाच्या आवारात गिरणीचे दोन ट्रॅक्टर उभे. वेंकटाद्रींनी गावातली माणसं भरून आणली होती, जोर दिसावा म्हणून. मागच्या बाकांवर अकरा जण ओळीनं बसले, टोकाला नांचारम्मा.

कुटुंबराव पुढं सुभद्रम्माबरोबर बसले होते, हातात लिहून आणलेला कबुलीचा कागद. मी त्यांच्याशेजारी बसले. "तुमची पाळी येईपर्यंत ते खिशात ठेवा," म्हटलं, "मी हात जोडते."

येडुकोंडलू साक्षीला उभा राहिला. पाठ केलेलं घडाघडा बोलला. मग आमचा वकील उठला.

"दीक्षा किती वर्षं घेता?"

"अठरा." मान आपोआप ताठ झाली.

"यंदा रोप वर नेऊन लावलंत?"

त्याच्या वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, उत्तर द्या. येडुकोंडलूनं वेंकटाद्रींकडे बघितलं. वेंकटाद्रींनी मान हलवली, अगदी थोडी. नाही म्हण.

पण मागच्या बाकांवर अकरा जण बसले होते. त्यांच्या देखत, ज्या रोपासाठी अठरा वर्षं घालवली ते लावलंच नाही म्हणणार?

"लावलं," तो म्हणाला.

"तुमच्याबरोबर कोण होतं?"

त्यानं बोट दाखवलं. "हे सगळे. माझ्यामागून चढले."

म्हणजे हे अकरा त्याच्याबरोबर डोंगर चढलेले! मला ठाऊक नव्हतं. वेंकटाद्रींनी हाताला लागली ती माणसं आणली, आणि ती नेमकी याच्याच जथ्यातली निघाली.

आमच्या वकिलानं चौथा प्रश्न वाचला. "वडील सोळा डिसेंबरला वारले, असं शपथेवर म्हणता. म्हणजे बापाचं सुतक अंगावर घेऊन तुम्ही देवळाच्या त्या अठरा पवित्र पायऱ्या चढलात, आणि या अकरा जणांनाही तसंच वर नेलंत. बरोबर?"

येडुकोंडलूनं कठडा धरला. कागदावर खोटी सही करणं त्याला जमलं होतं. हे जमत नव्हतं.

मागून एक जण उठला, पांढऱ्या मिशांचा. शिपाई "बसा, बसा" म्हणत होता, पण तो बसला नाही. "स्वामी," तो म्हणाला, "आम्ही तुमच्या हातून इरुमुडी घेतलीय डोक्यावर. सांगा. नाहीतर आम्ही घरी जाऊन काय तोंड दाखवायचं?"

"नाही!" येडुकोंडलू ओरडला. "सुतक नव्हतं! माझा बाप जिवंत होता. त्यानं आपल्या हातानं माझ्या इरुमुडीत तांदूळ घातले. गावाच्या वेशीपर्यंत चालत आला माझ्याबरोबर. आम्ही तीस तारखेला परतलो, तेव्हा प्रसाद खाल्ला त्यानं. चार जानेवारीला गेला, साहेब. गिरणीत. पोत्यांची थप्पी कोसळली त्याच्यावर. आम्ही आठ जणांनी पोती उपसून बाहेर काढला."

"मग हा दावा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मालक म्हणाले, गिरणीचं नाव आलं तर गिरणी बंद, गाव उपाशी. बापाच्या खिशात यांचा पत्ता सापडला. मालकांनी वाचला आणि म्हणाले, हा बघ, कुणाकडे मागायचं ते तुझा बापच सांगून गेलाय." तो कुटुंबरावांकडे वळला आणि तिथंच कठड्याआड खाली बसला. "माझ्या बापाला सोडा पाजलात तुम्ही. आणि मी तुम्हाला खुनी म्हटलं."

कुटुंबरावांना ते नीट समजायला वेळ लागला. माझा दंड घट्ट धरून ते विचारत राहिले, "तीस तारखेला प्रसाद खाल्ला? नक्की? चालत होता?" मी होय होय म्हणत होते आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं.

दावा तिथंच संपला. न्यायाधीशांनी पोलिसांना बोलावून येडुकोंडलूचा जबाब घ्यायला लावला. पांढऱ्या मिशांच्या माणसानं आपणहून साक्षीदार म्हणून सही केली, मग त्याच्यामागून एकेक करत बाकीच्यांनी. त्यांतले सहा जण पोती उपसणाऱ्यांपैकी होते. वेंकटाद्री दाराशी उभे राहून प्रत्येकाची सही बघत होते. रागाचं एक चिन्ह नाही चेहऱ्यावर, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ते त्यांच्या काळ्या गाडीपाशी थांबलेले. ट्रॅक्टर निघून गेले होते. त्यांनी मागचं दार उघडलं.

"गुरुस्वामी, चला," ते मऊ आवाजात म्हणाले. "नांचारम्मा, ये. अकरा किलोमीटर आहे. घरी सोडतो."

येडुकोंडलू जागचा हलला नाही. बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. उद्याची मजुरी, घर, रेशन, सगळं त्या उघड्या दाराआड होतं, आणि ते तिथं प्रत्येकाला माहीत होतं.

नांचारम्मानं पदर कमरेला खोचला. "आम्ही चालत जाऊ, बाबू," ती म्हणाली आणि निघाली. तिच्यामागून मुलगा, त्याच्यामागून ते अकरा.

कुटुंबरावांनी चपला काढून सुभद्रम्माच्या हातात दिल्या.

"अहो, तुम्ही कुठे निघालात?"

"महिनाभर मी त्याला मारला म्हणून रडलोय," ते म्हणाले. "आता त्याच्या घरी जाऊन येतो."

मी स्कूटर हातानं ढकलत त्यांच्याबरोबर चालायला लागले. कालव्याच्या पुलापर्यंत ती काळी गाडी आमच्या मागून हळूहळू येत राहिली. कुणीही मागे वळून बघितलं नाही.